जुने ब्रिटिश डिटेक्टिव्ह सिनेमे: इन्स्पेक्टर येण्याआधीचा अर्धा सिनेमा

कंदील

‘ग्रीन फॉर डेंजर’ (१९४६) हा सिनेमा दीड तासाचा आहे आणि त्यातला इन्स्पेक्टर पडद्यावर येतो जवळपास चाळिसाव्या मिनिटाला. त्याचा आवाज मात्र पहिल्यापासून आपल्या सोबत असतो. ऑपरेशन टेबलाभोवती सहा माणसं उभी आहेत, तोंडावर मास्क, नुसते डोळे दिसतायत. तो आवाज एकेकाची ओळख करून देतो आणि सहज सांगून टाकतो की यातली काही मरणार आहेत आणि यातलंच एक खुनी आहे. मग आपल्याला त्या माणसांमध्ये सोडून देतो.

मला या सिनेमाबद्दल आणि तो करणाऱ्या सिडनी गिलियटबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. जुने ब्रिटिश डिटेक्टिव्ह सिनेमे म्हटलं की चर्चा ‘खुनी कोण’ आणि ‘डिटेक्टिव्ह किती हुशार’ या दोनच गोष्टींवर येऊन थांबते. माझं म्हणणं असं की यातले उत्तम सिनेमे उभे राहतात ते संशयितांवर. डिटेक्टिव्ह येईपर्यंत ती माणसं आपली झालेली असतील, तरच त्यांच्यातला एक खुनी निघण्याला काही अर्थ आहे.

गोष्ट १९४४ च्या ऑगस्टमधली. खेड्यातल्या एका जुन्या मोठ्या घरात तात्पुरतं इस्पितळ थाटलंय. जर्मनीचे व्ही-वन उडते बॉम्ब सुरू आहेत. या बॉम्बचा आवाज येत असतो तोवर भीती नाही. इंजिन बंद पडून आवाज थांबला की तो खाली येतो. गिलियटने ही थांबलेल्या आवाजाची भीती सगळ्या सिनेमाभर पसरवली आहे. गावचा पोस्टमन हिगिन्स बॉम्बहल्ल्यात जखमी होऊन दाखल होतो. ऑपरेशन साधंच, पण भूल देताना तो टेबलावरच मरतो. अपघात म्हणून सगळे गप्प बसतात. पुढे इस्पितळातल्या नाचाच्या कार्यक्रमात सिस्टर बेट्स सगळ्यांसमोर सांगते की हा खून आहे आणि पुरावा तिच्याकडे आहे. त्यानंतर ती वादळी रात्री एकटी ऑपरेशन थिएटरकडे चालत जाते. झाडं हलतायत, दारं आपटतायत, आत अंधारात कोणीतरी सर्जनचा गाऊन आणि मास्क घालून उभं आहे. विल्की कूपरच्या कॅमेऱ्याने तो प्रसंग असा टिपलाय की मी अजूनही तो दिवसाउजेडी बघते.

आणि मग येतो इन्स्पेक्टर कॉक्रिल. अलिस्टर सिम! लांबट चेहरा, मोठे डोळे, हातात छत्री. विमानासारखा आवाज ऐकू आला की हा धडपडत आडोशाला पळतो. दोन डॉक्टर एकमेकांवर धावून जातात तेव्हा त्यांना सोडवायचं सोडून आनंदाने बघत बसतो. रात्री अंथरुणात डिटेक्टिव्ह कादंबरी वाचतो, खुनी आपण ओळखलाच म्हणून खुशीत शेवटचं पान उघडतो आणि त्याचा चेहरा पडतो. हे सगळं हसवतं, पण सिम एका क्षणात डोळे बारीक करतो आणि समोरच्या दमलेल्या नर्सला असा प्रश्न विचारतो की आपल्यालाच तिची बाजू घ्यावीशी वाटते. गंमत आणि दुष्टपणा एकाच चेहऱ्यावर आणणारा असा दुसरा नट मला माहीत नाही.

ही सगळी माणसं थकलेली आहेत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ट्रेव्हर हॉवर्डचा भूलतज्ज्ञ, लिओ गेनचा सर्जन, सॅली ग्रे, रोझमंड जॉन आणि मेग्ज जेन्किन्सच्या नर्सेस, एकाचीही झोप पुरी झालेली नाही. प्रत्येकाचं कोणीतरी गेलंय किंवा जाण्याची भीती आहे. युद्ध संपून वर्षभरच झालं होतं, सिनेमा बघायला बसलेले लोकही त्याच अवस्थेतून आले होते. शूटिंग झालं पाइनवुड स्टुडिओत. युद्धात तो स्टुडिओ सरकारने ताब्यात घेतला होता, लष्कराची आणि सरकारी फिल्म युनिट तिथे काम करत. युद्धानंतर तिथे तयार झालेला हा पहिला सिनेमा.

मूळ कादंबरी ख्रिस्टियाना ब्रँडची. त्यातलं इस्पितळ लष्करी आहे. जखमी सैनिकांनी हा सिनेमा पाहिला तर त्यांना ऑपरेशनची धास्ती बसेल म्हणून सेन्सॉर मंडळाने हरकत घेतली आणि सिनेमात इस्पितळ नागरी झालं. मला हा बदल पथ्यावर पडला असं वाटतं, कारण पोस्टमनसारखा सगळ्या गावाचा माणूस त्या टेबलावर येऊ शकला.

तुम्हाला या परंपरेतले कोणते सिनेमे आवडतात? दिग्दर्शक, लेखक, नट, कॅमेरावाले, कोणाबद्दलही लिहा. शेवट सांगणार असाल तर आधी इशारा द्या.

गिरगावचा_चौकस

कंदीलताई, फार सुंदर लिहिलंत. गिलियटबद्दल बोलायचं तर फ्रँक लाँडरला बाजूला ठेवता येत नाही. ही जोडी आधी लेखकांची. हिचकॉकचा ‘द लेडी व्हॅनिशेस’ (१९३८) यांनीच लिहिला, एथेल लिना व्हाइटच्या कादंबरीवरून. तुम्ही म्हणता ते ‘संशयितांवर उभा असलेला सिनेमा’ त्यांनी तिथेच करून दाखवलं होतं. आगगाडीतून एक म्हातारी बाई नाहीशी होते आणि डब्यातला प्रत्येक जण सांगतो की अशी बाई नव्हतीच. प्रत्येकाच्या खोटं बोलण्याला वेगळं कारण. कोणी कटात आहे, कोणाला आपलं लफडं उघडं पडायची भीती आहे, आणि दोन इंग्रज गृहस्थांना नुसतं वेळेवर मँचेस्टरला पोचून कसोटी सामना बघायचा आहे.

ते दोघे म्हणजे चार्टर्स आणि कॅल्डिकॉट. बेसिल रॅडफर्ड आणि नॉन्टन वेन. मूळ कादंबरीत ही पात्रं नाहीत, लाँडर-गिलियटनी घातली. लोकांना इतकी आवडली की पुढे दुसऱ्या सिनेमांतही आणावी लागली. साखरेचे खडे मांडून क्षेत्ररचना समजावून सांगतात तो प्रसंग कुठल्याही क्रिकेटवेड्या माणसाला पाठ असेल. सिनेमाच्या शेवटी ते लंडनला पोचतात तेव्हा फलक दिसतो की पुरामुळे सामना रद्द. आता हे वाचा: सिनेमा प्रदर्शित झाला त्याच १९३८ च्या जुलैमध्ये ओल्ड ट्रॅफर्डची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी पावसामुळे एकही चेंडू न टाकता रद्द झाली.

आणि हे सगळं इझलिंग्टनच्या छोट्याशा स्टुडिओत, एका डब्याच्या सेटवर, मागे पडद्यावर धावती दृश्यं टाकून केलेलं आहे. पैसा नव्हता, लिखाण होतं.

अवांतर: अलिस्टर सिम या जोडीच्या लिखाणात आधीही येऊन गेला होता. ‘इन्स्पेक्टर हॉर्नली ऑन हॉलिडे’ (१९३९) मध्ये तो सार्जंट बिंगम आहे, गॉर्डन हार्करच्या इन्स्पेक्टरचा मदतनीस. तिथे तो धांदरट हाताखालचा माणूस आणि सात वर्षांनी स्वतःच इन्स्पेक्टर.

भूल_चूक

मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ, कोल्हापूर. या सिनेमावर मला लिहायलाच हवं.

रहस्यभेदाचा इशारा. खून कसा केला ते पुढे आहे. खुनी कोण ते सांगत नाही. सिनेमा बघायचा असेल तर पुढच्या प्रतिसादावर जा.

त्या काळी कुठल्या सिलेंडरमध्ये कुठला वायू आहे हे ओळखायची मुख्य खूण रंग. ब्रिटनमध्ये ऑक्सिजनचा काळा आणि वरचा भाग पांढरा, कार्बन डायऑक्साइडचा हिरवा. भुलेच्या यंत्रावर कार्बन डायऑक्साइडही जोडलेला असे, कारण रुग्णाचा श्वास उत्तेजित करायला तो थोडा थोडा वापरत. सिनेमातल्या खुन्याने हिरवा सिलेंडर काळा-पांढरा रंगवून ठेवला. रुग्ण निळा पडायला लागला की भूलतज्ज्ञ काय करणार, ऑक्सिजन वाढवणार. म्हणजे वाचवण्यासाठी जे जे करावं त्याने तो आणखी लवकर मरणार. खुन्याला टेबलाजवळ फिरकायचीही गरज नाही.

आमच्या क्षेत्रातल्या माणसाला हे बघताना घाम फुटतो. ट्रेव्हर हॉवर्ड नेमकं तेच करतो जे मी केलं असतं. त्याचे हात, यंत्रावरून रुग्णाकडे आणि पुन्हा यंत्राकडे जाणारी नजर, ‘सगळं बरोबर आहे आणि तरी माणूस हातातून चाललाय’ ही भावना, यात कुठेही खोट नाही. ख्रिस्टियाना ब्रँडचा नवरा सर्जन होता, त्यामुळे थिएटरमधलं वातावरण तिला घरबसल्या कळत असणार.

आज हा खून इतका सोपा नाही. आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलेंडर अजूनही काळा आणि खांदा पांढरा असतो, नायट्रस ऑक्साइडचा निळा. पण आता रंगावर भिस्त नाही. यंत्राच्या जोडावर ठरावीक जागी खुंट्या असतात आणि सिलेंडरच्या तोंडावर त्याच जागी भोकं. दुसऱ्या वायूचा सिलेंडर तिथे बसतच नाही. शिवाय रुग्णाच्या नळीत प्रत्यक्ष किती ऑक्सिजन जातोय, श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर येतोय, हे पडद्यावर सतत दिसतं. हॉवर्डच्या डॉक्टरकडे यातलं काही नव्हतं. बोटं नाडीवर आणि डोळे रुग्णाच्या ओठांवर, बस.

कंदील

@भूल_चूक, तुमच्या प्रतिसादासाठी तरी हा धागा काढल्याचं सार्थक झालं. ‘वाचवण्यासाठी केलेल्या प्रत्येक गोष्टीने मारलं जाणं’ हे सूत्र सिनेमात पुढे आणखी एकदा येतं आणि तिथे ते कॉक्रिलवर उलटतं. ते मी लिहीत नाही, ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल.

ब्रँडबद्दल थोडं. तिचा जन्म १९०७ चा, मलायातला, आणि बालपणाचा काही काळ भारतात गेला. लिहायला लागण्याआधी तिने पडेल ती कामं केली. दुकानात विक्रेती असताना तिथल्या एका सहकारिणीचा तिला इतका संताप येई की तिचा खून कल्पनेत करता करता पहिली डिटेक्टिव्ह कादंबरी झाली. म्हणूनच तिचे खुनी राक्षस नसतात. रोज शेजारी बसून काम करणारी माणसं असतात.

वैदर्भी_वाघ

मुद्दा समजला, पण मला पटला नाही. डिटेक्टिव्ह सिनेमा डिटेक्टिव्हचाच असतो. होम्स घ्या. १९२१ ते २३ मध्ये स्टोल कंपनीने आयल नॉरवुडला घेऊन पंचेचाळीस छोटे आणि दोन मोठे मूकपट काढले. लोक इतके सिनेमे संशयितांसाठी बघत होते का? स्वतः कॉनन डॉइलला नॉरवुड आवडला होता. मग १९३१ ते ३७ आर्थर वॉन्टनरचे पाच. त्यातला एक आज उपलब्धच नाही.

आणि माझा लाडका, हॅमर कंपनीचा ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ (१९५९). पीटर कुशिंग होम्स, आंद्रे मोरेल वॉटसन, ख्रिस्तोफर ली सर हेन्री. होम्सचा पहिला रंगीत सिनेमा. कुशिंग मुळातच होम्सभक्त. ‘स्ट्रँड’ मासिकात सिडनी पॅजेटने काढलेली चित्रं समोर ठेवून त्याने उभं राहणं, हात हलवणं, पाइप धरणं बसवलं. तो खोलीत शिरला की बाकीच्यांकडे बघावंसंच वाटत नाही. बोलता बोलता टाचणी उचलेल, पत्र सुरीने टेबलाला ठोकेल, हात कधी रिकामा नाही.

मोरेलचा वॉटसनही बघा. त्याआधी अमेरिकन सिनेमांनी वॉटसनला विदूषक करून ठेवलं होतं. मोरेलने त्याला पुन्हा लष्करातला डॉक्टर केला, शहाणा, भरवशाचा.

दिग्दर्शक टेरेन्स फिशर, कॅमेरा जॅक अॅशरचा, सेट बर्नार्ड रॉबिन्सनचे. बर्कशायरमधल्या ब्रे गावच्या त्या छोट्या स्टुडिओत रॉबिन्सन तेच तेच सेट फिरवून नवे भासवायचा. एका सिनेमातला दिवाणखाना रंग आणि जिना बदलून दुसऱ्यात किल्ला व्हायचा. डार्टमूरचं माळरान बरचसं सरे परगण्यात उरकलंय. अॅशरच्या हिरव्या-जांभळ्या प्रकाशामुळे ते इंग्लंड न वाटता स्वप्न वाटतं. कुत्रा मात्र फसलाय हे मान्य. बिचारा ग्रेट डेन, त्याला मुखवटा बांधलाय.

याच कथेवरून आपल्याकडे १९६२ मध्ये ‘बीस साल बाद’ आला. तिथे डिटेक्टिव्ह जवळजवळ उडालाच आणि वहिदा, धुकं आणि हेमंतकुमारचं संगीत उरलं. मला तो आवडतो, पण तो डिटेक्टिव्ह सिनेमा राहिला नाही. माझा मुद्दा हाच.

टेम्सकाठ

वाघसाहेब, कुशिंगवर शंभर टक्के सहमत. पण तुम्ही सांगितलेलं अर्धं कौतुक अॅशर आणि रॉबिन्सनचं आहे हे तुमच्याच प्रतिसादात आहे :)

मी लंडनमध्ये राहतो. इथे टॉकिंग पिक्चर्स टीव्ही नावाचा एक चॅनल आहे, वडील आणि मुलीने मिळून २०१५ मध्ये सुरू केलेला. दिवसभर जुने ब्रिटिश सिनेमे. तो लागायला लागल्यापासून मला कळलं की आपण ज्यांना ‘क्लासिक’ म्हणतो ते वरच्या सायीइतकं आहे, खाली केवढं दूध आहे. त्या दुधाबद्दल लिहितो.

१९२७ मध्ये ब्रिटनने कायदा केला की थिएटरवाल्यांनी आणि वितरकांनी ठरावीक टक्के ब्रिटिश सिनेमे घेतलेच पाहिजेत. सुरुवात थिएटरसाठी ५ आणि वितरकांसाठी साडेसात टक्क्यांनी, पुढे दहा वर्षांत ते २० टक्क्यांपर्यंत न्यायचं. हॉलीवूडच्या लंडन शाखांना हा कोटा भरायचा होता, चांगला सिनेमा नको होता. फुटाला एक पौंड या हिशेबाने भराभर सिनेमे पाडून घेतले जाऊ लागले. खुनाची गोष्ट या कामाला सोयीची. एक घर, आठ नट, एक प्रेत, काम झालं. यातले पुष्कळ टाकाऊ होते. पण पुढे मोठा दिग्दर्शक झालेल्या मायकल पॉवेलसारख्या माणसाने हात याच सिनेमांवर बसवला. दोन आठवड्यांत सिनेमा संपवायचा तर कॅमेरा कुठे ठेवायचा याचा निर्णय उभ्या उभ्या घ्यावा लागतो, आणि ते शिक्षण कुठल्या शाळेत मिळत नाही.

हीच परंपरा पुढे दक्षिण लंडनच्या मर्टन पार्क स्टुडिओत चालू राहिली. १९६० ते ६५ मध्ये तिथे रहस्यकथाकार एडगर वॉलेसच्या कथांवर चाळीसहून जास्त सिनेमे निघाले, साधारण तासाभराचे, मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायला. सुरुवातीला धुक्यात वॉलेसचा अर्धपुतळा सावकाश फिरतो आणि मागे गिटारची धून. ती धून शॅडोज बँडने वाजवली आणि १९६० मध्ये ती स्वतंत्रपणे गाजली. कथा जेमतेम असल्या तरी रस्ते खरे आहेत. तेव्हाच्या लंडनची बॉम्ब पडून रिकामी राहिलेली आवारं, कोळशाने काळवंडलेल्या भिंती, ट्रामचे रूळ काढलेले रस्ते या सिनेमांत जितके दिसतात तितके मोठ्या सिनेमांत दिसत नाहीत.

रस्त्यांवरून ‘द ब्लू लॅम्प’ (१९५०). ईलिंग स्टुडिओ, दिग्दर्शक बेसिल डिअर्डन, सहयोगी निर्माता मायकल रेल्फ. लेखक टी. ई. बी. क्लार्क युद्धकाळात राखीव पोलीस होता, त्यामुळे चौकीतला चहा, गाण्याची तालीम, रात्रपाळीचा कंटाळा हे त्याने जगलेलं आहे. सिनेमा पॅडिंग्टन ग्रीनच्या आसपास चित्रित केलाय. मी त्या भागातून जातो तेव्हा बघतो, त्यातल्या कितीतरी गल्ल्या उरलेल्याच नाहीत, वेस्टवेच्या उड्डाणमार्गाने गिळल्या. जॅक वॉर्नरचा म्हातारा कॉन्स्टेबल जॉर्ज डिक्सन यात डर्क बोगार्डच्या गुंडाच्या गोळीने मरतो. पण लोकांनी त्याला मरू दिलं नाही. १९५५ मध्ये बीबीसीने त्याच डिक्सनला जिवंत करून मालिका काढली आणि ती १९७६ पर्यंत चालली.

आता वाघसाहेबांच्या मुद्द्याला उत्तर. ‘द ब्लू लॅम्प’ मध्ये एक असा डिटेक्टिव्ह नाहीच. एक लहान मुलगी, एक चौकी, एक वस्ती आणि शेवटी ग्रेहाउंड शर्यतीच्या मैदानावरचे हजारो लोक मिळून खुन्याला पकडतात.

ओवी_आणि_अंगाई

इतका वेळ कोणी मार्गारेट रदरफर्डचं नाव घेतलं नाही! मी घेते.

हॉलीवूडच्या एमजीएम कंपनीच्या ब्रिटिश शाखेने अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पल या म्हाताऱ्या हौशी डिटेक्टिव्हवर केलेले चार सिनेमे: ‘मर्डर, शी सेड’ (१९६१), ‘मर्डर अॅट द गॅलप’ (१९६३), ‘मर्डर मोस्ट फाउल’ आणि ‘मर्डर अहॉय’ (दोन्ही १९६४). दिग्दर्शक जॉर्ज पोलॉक, संगीत रॉन गुडविनचं, ते हार्पसिकॉर्डचं टणटणणारं शीर्षकसंगीत एकदा ऐकलं की दिवसभर डोक्यातून जात नाही. मिस्टर स्ट्रिंगर म्हणून तिच्यामागे धावणारा भित्रा ग्रंथपाल हा तिचा खराखुरा नवरा, स्ट्रिंगर डेव्हिस. तो पुस्तकात नाही, तिच्यासाठी घातलाय, आणि ते दोघे पडद्यावर एकमेकांची काळजी घेताना जे दिसतं ते कुठल्या दिग्दर्शकाने सांगून होत नाही.

ख्रिस्तीप्रेमी नाराज असतात हे माहीत आहे. पुस्तकातली मार्पल बारीक, शांत, विणकाम करणारी. ही मोठी, हनुवटी हलवत फिरणारी, घोड्यावर बसणारी, तलवार चालवणारी. चारपैकी दोन सिनेमे तर मुळात ख्रिस्तीच्या दुसऱ्या डिटेक्टिव्हच्या, प्वारोच्या कादंबऱ्यांवरून घेतलेत आणि चौथा कुठल्याच पुस्तकावरून नाही. ख्रिस्तीला हे सिनेमे पसंत नव्हते. पण १९६२ ची मार्पल कादंबरी तिने रदरफर्डलाच अर्पण केली आहे. सिनेमा नावडला आणि नटी आवडली, दोन्ही खरं.

मला ती इतकी का भावते ते सांगते. तिच्या वडिलांनी लग्नानंतर थोड्याच दिवसांत, मानसिक आजारात, स्वतःच्या वडिलांना मारलं होतं, १८८३ मध्ये. ते ब्रॉडमूरच्या, मनोरुग्ण गुन्हेगारांसाठीच्या इस्पितळात होते. बरे होऊन सुटले, आडनाव बदललं, १८९२ मध्ये मार्गारेट झाली आणि तान्ह्या मुलीला घेऊन ते दोघे भारतात आले. इथेच तिच्या आईने आयुष्य संपवलं. तीन वर्षांच्या मुलीला विम्बल्डनला मावशीकडे परत पाठवलं. पुढे वडील पुन्हा ब्रॉडमूरमध्ये गेले आणि हे सगळं तिच्यापासून बरीच वर्षं लपवलं गेलं. खुनाच्या गोष्टीत काम करायला ती सुरुवातीला तयार नव्हती ते याच पार्श्वभूमीवर. तयार झाली तेव्हा तिने मार्पलला असं केलं की तिच्या सिनेमात खून होतो पण क्रूरपणा राहत नाही. सत्तरीला टेकलेली बाई, कोणी तिला गंभीरपणे घेत नाही, आणि ती सगळ्यांना सरळ करते. माझी आजी हे सिनेमे इंग्रजी न कळता बघायची आणि तिला सगळं कळायचं.

कंदील, तुझ्या अलिस्टर सिमची आणि माझ्या रदरफर्डची जोडी लाँडरच्याच ‘द हॅपिएस्ट डेज ऑफ युअर लाइफ’ (१९५०) मध्ये आहे. डिटेक्टिव्ह सिनेमा नाही, पण दोघांना आमनेसामने बघायला मिळतं.

गिरगावचा_चौकस

ओवीताई, हे वाचून मन भरून आलं. पहिल्या सिनेमात घरकाम करणाऱ्या मिसेस किडरच्या भूमिकेत जोन हिक्सन आहे हे पाहिलंत का? पुढे १९८० च्या दशकात बीबीसीवर मिस मार्पल झाली ती हीच. दोन मार्पल एकाच चौकटीत.

ख्रिस्तीची सिनेमावरची नाराजी विषयात आलीच आहे तर तो राग कोणी घालवला तेही सांगतो, कारण त्याचा धागा थेट आमच्या चर्चगेटला येतो. एमजीएमच्या अनुभवानंतर ख्रिस्ती सिनेमाचे हक्क द्यायला नाखूश होती. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ (१९७४) साठी तिचं मन वळवलं ते निर्माता जॉन ब्रेबर्नने, आणि त्यात त्याचे सासरे लॉर्ड माउंटबॅटन यांनी शब्द टाकला. हे ब्रेबर्न म्हणजे १९३३ ते ३७ मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड ब्रेबर्नचे चिरंजीव. ज्यांच्या नावाचं ब्रेबर्न स्टेडियम आहे तेच. आम्ही ज्या स्टेडियमच्या भिंतीला टेकून उभे राहायचो त्या नावाच्या घरातून प्वारोचे सिनेमे निघाले.

दिग्दर्शक सिडनी ल्युमेट अमेरिकन, पण बाकी कारागिरी ब्रिटिश. जेफ्री अन्सवर्थचा कॅमेरा, रिचर्ड रॉडनी बेनेटचं संगीत, टोनी वॉल्टनचे सेट आणि कपडे. गाडी इस्तंबूलहून सुटते तेव्हा वाफ, दिवे आणि ते वॉल्ट्झ. अल्बर्ट फिनी तेव्हा अडतिशीत होता, रंगभूषा करून त्याला प्वारोच्या वयाचा केला. इन्ग्रिड बर्गमनला मोठी भूमिका देऊ केली होती, तिने घाबरट मिशनरी बाईची छोटी भूमिका मागून घेतली. तिची चौकशी ल्युमेटने कॅमेरा न तोडता एका दमात घेतली आहे. त्या भूमिकेला ऑस्कर मिळालं. ख्रिस्ती ८४ वर्षांची होती, प्रीमियरला आली, सिनेमा आवडला, मिशा मात्र मनासारख्या नव्हत्या म्हणाली.

पुढे ब्रेबर्न आणि रिचर्ड गुडविन जोडीने आणखी तीन ख्रिस्ती सिनेमे केले. १९७९ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर माउंटबॅटन यांच्या बोटीत झालेल्या स्फोटात ब्रेबर्न स्वतः जखमी झाले, त्यांची आई आणि चौदा वर्षांचा मुलगा गेला. ‘द मिरर क्रॅक्ड’ १९८० मध्ये आला. त्या सिनेमाच्या मुळाशी मूल गमावण्याचं दुःख आहे. मी तो त्यानंतर वेगळ्या नजरेने बघतो.

वैदर्भी_वाघ

चौकसकाका, हे माहीत नव्हतं. ‘मिरर’ पुन्हा बघतो.

ओरिएंट एक्सप्रेसवरून एक कबूल करायला हवं: फिनी कितीही जोरदार असला तरी तो सिनेमा डब्यातल्या माणसांचाच आहे. होम्सच्या बाबतीत मात्र मी हलणार नाही.

पानगळ

मी फक्त वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. सगळे प्रतिसाद वाचनखुणेत साठवले. एक प्रश्न: या सगळ्या सिनेमांत इंग्लंड फार गोरं आहे. युद्धानंतर कॅरिबियन, भारत, पाकिस्तानातून माणसं तिथे गेली. ती या डिटेक्टिव्ह सिनेमांत कुठेच नाहीत का?

कंदील

@पानगळ, बरं झालं विचारलंत. आहेत, आणि ज्या सिनेमात आहेत तो मला ‘ग्रीन फॉर डेंजर’च्या खालोखाल महत्त्वाचा वाटतो. ‘सफायर’ (१९५९). पुन्हा बेसिल डिअर्डन आणि मायकल रेल्फ, ‘द ब्लू लॅम्प’वालेच. लेखिका जॅनेट ग्रीन.

१९५८ च्या उन्हाळ्यात नॉटिंग हिलमध्ये कॅरिबियन लोकांवर हल्ले झाले, दंगल अनेक रात्री चालली. पुढच्याच वर्षी हा सिनेमा आला. हॅम्पस्टेड हीथवर एका तरुण मुलीचं प्रेत सापडतं. पोलीस तिला गोरी समजून तपास सुरू करतात. मग बर्मिंगहॅमहून तिचा भाऊ येतो. तो डॉक्टर आहे आणि काळा आहे. (हे सिनेमाच्या सुरुवातीलाच कळतं, त्यामुळे काही बिघडत नाही.) त्या क्षणापासून चौकशी बदलते. तेच पोलीस, तीच मुलगी, पण प्रश्न वेगळे. सुपरिंटेंडंट हॅझर्डचा हाताखालचा इन्स्पेक्टर लिअरॉइड तर उघडपणे वेगळा वागायला लागतो. तिच्या साध्या करड्या कपड्यांखाली भडक लाल रंगाचा घागरा निघतो आणि त्या एका कपड्यावर प्रत्येक माणूस आपापला पूर्वग्रह टांगतो.

हॅझर्ड दारोदार जातो. घरमालकीण, कॉलेजातली मैत्रीण, तिचा गोरा प्रियकर, त्याचं नीटनेटकं मध्यमवर्गीय घर, काळ्या लोकांचा क्लब. प्रत्येक दार उघडलं की आतून तीच एक गोष्ट वेगळ्या भाषेत बाहेर येते. कोणी सभ्यपणे बोलतं, कोणी शिवी देऊन. शेवटी हॅझर्ड सहकाऱ्याला म्हणतो की आपण काही सोडवलं नाही, नुसते तुकडे उचलले. डिटेक्टिव्ह सिनेमातल्या डिटेक्टिव्हने असं म्हणायला मोठं धैर्य लागतं, आणि ते शब्द लिहिणारीला त्याहून मोठं.

दोष आहेत. काळ्या क्लबातली दृश्यं भडक आहेत, नाच आणि ढोल दाखवून सिनेमा स्वतःच थोडा त्या पूर्वग्रहात अडकतो. पण भावाची, डॉक्टर रॉबिन्सची भूमिका करणारा अर्ल कॅमरन बघा. एका इंचानेही तो आवाज चढवत नाही. डिअर्डनने त्याला आधी ‘पूल ऑफ लंडन’ (१९५१) मध्ये घेतलं होतं. कॅमरन मूळचा बर्म्युडाचा. २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेला.

‘सफायर’ला त्या वर्षीचा सर्वोत्तम ब्रिटिश सिनेमा म्हणून ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळाला. भारतीय माणसं मात्र तिथेही दिसत नाहीत, ते खरं.

टेम्सकाठ

‘सफायर’ रंगीत आहे याचाही उल्लेख हवा. त्या काळी गंभीर सामाजिक सिनेमा म्हणजे कृष्णधवल असा रिवाज. हॅरी वॅक्समनने रंग वापरले आणि लंडन ओलसर, करडं ठेवलं. त्यामुळे तो लाल घागरा किंवा एखादी लाल बस दिसली की डोळ्याला बोचते.

पानगळ

धन्यवाद कंदील, टेम्सकाठ. रविवारी बाबांबरोबर ‘सफायर’च बघणार. जॅनेट ग्रीनने आणखी काय लिहिलंय?

कंदील

तिच्या नाटकावरून ‘कास्ट अ डार्क शॅडो’ (१९५५) झाला, बोगार्ड त्यात पैशासाठी लग्न करणारा नवरा आहे. दिग्दर्शक लुईस गिल्बर्ट. आणि डिअर्डन-रेल्फसाठी तिने नवरा जॉन मॅक्कॉर्मिकबरोबर ‘व्हिक्टिम’ (१९६१) लिहिला. तिथेही पोलीस तपास आहे, पण बळी जाणारे लोक कायद्यानेच गुन्हेगार ठरवलेले आहेत. समलैंगिक पुरुषांना ब्लॅकमेल करणारी टोळी आणि स्वतःची वकिली पणाला लावून तिच्यामागे लागणारा बोगार्ड. इंग्लंडमधला तो कायदा १९६७ मध्ये बदलला. सिनेमा त्याच्या सहा वर्षं आधीचा. बोगार्ड तेव्हा मुलींचा लाडका हिरो होता आणि ही भूमिका घ्यायला त्याच्याआधीचे काही नट तयार झाले नव्हते. ‘व्हिक्टिम’वर इथे दोन ओळींत लिहून भागणार नाही, त्यासाठी वेगळा धागा काढते. बाबांना ‘सफायर’ कसा वाटला ते मात्र इथेच लिहा.